चित्र विकायचं तर घेणाऱ्यांची वही आपली हवी

शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते: इन्स्टाग्रामवर चित्रं जरूर टाका, पण त्याला दुकानाबाहेरच्या पाटीइतकंच महत्त्व द्या. तिथे कुणाला काय दिसावं हे ती कंपनी ठरवते. ज्यांनी आपलं चित्र एकदा घेतलं, किंवा आपण गंगेवर (नाशकात गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) रंगवत बसलेलो असताना मागे उभं राहून "हे विकता का?" असं विचारलं, त्यांचं नाव, नंबर आणि ईमेल आपल्या वहीत हवं. कमाई त्या वहीतून होते.

वही झाली की व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ग्रुप नको, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि सकाळी सुविचार सुरू होतात. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात. मात्र ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून चित्र हातात देतानाच "नंबर सेव्ह करा, नवीन काही केलं की कळवेन" असं सांगायचं आणि समोरच सेव्ह करून घ्यायचा. महिन्यातून एकदा लिहिलं तरी पुरे. परगावच्या लोकांसाठी ईमेल बरा.

घेणार कोण? माझा अनुभव असा की नाशकाचं चित्र सगळ्यात जास्त हवं असतं ते नाशिक सोडून गेलेल्या माणसाला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पुण्यात, बंगळुरूला, कुठेकुठे बसलेले नाशिककर एकच विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? (नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच नाशकात पूर मोजतात.) त्याच दिवशी मारुतीचं चित्र लिस्टवर टाका. रंगपंचमीच्या आधी रहाडीचं, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदाचं, थंडीत द्राक्षाच्या मळ्याचं. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची चित्रं आतापासूनच करायला घ्या.

मूळ चित्र एकदाच विकलं जातं. पुढची मिळकत प्रिंटची, आणि प्रिंटचं सगळं बरंवाईट फोटोवर ठरतं. चित्र गच्चीवर सावलीत, भिंतीला सरळ टेकवून ठेवा, कॅमेरा बरोबर त्याच्या समोर, तिरपा नको. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा म्हणजे नंतर रंग जुळवताना पांढरं म्हणजे किती पांढरं ते कळतं. छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए-फोरसाठी २४८० बाय ३५०८, ए-थ्रीसाठी ३५०८ बाय ४९६१. एवढी मोठी फाईल स्वतःजवळच ठेवा. नेटवर लांब बाजू हजार पिक्सेलच्या आसपास ठेवली की मोबाईलवर छान दिसते आणि कुणी चोरून मोठी छापली तर चित्राचे चौकोन चौकोन दिसतात.

पुराच्या गढूळ पाण्याचा रंग छपाईत हमखास बिघडतो. यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना या मातकट रंगांचा पातळ हात कागदावर मातीसारखा दिसतो, प्रिंटवर तोच विटकरी होतो. म्हणून पूर्ण प्रिंट काढण्याआधी प्रिंटरवाल्याकडून चित्राच्या त्या भागाची पट्टी छापून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात, मूळ चित्राला लावून बघा. पट्टी मनासारखी येईपर्यंत पुढे जाऊ नका. लवकर न विटणारी पिगमेंट शाई आणि पिवळा न पडणारा ॲसिड-फ्री कागदच मागा. महाग पडतं, पण चार वर्षांनी विटलेलं चित्र कुणाच्या भिंतीवर आपल्या सहीनिशी लटकलेलं नको. आवृत्ती तीसची, म्हणजे एका चित्राच्या एकूण तीस प्रिंट, ठरवली तर तीसच काढा. खाली डावीकडे पेन्सिलीने ७/३० (तिसातली सातवी), उजवीकडे सही.

पाठवताना बटर पेपर, दोन्ही बाजूंनी प्रिंटपेक्षा इंचभर मोठा पुठ्ठा, आणि वरून प्लॅस्टिक, पावसाळा असो वा नसो. टपालखर्च किमतीतच धरा.

भारतातल्या गिऱ्हाइकाकडून पैसे थेट यूपीआयने घ्या, मध्ये कुणाची दलाली नाही. परदेशातून यायचे असतील तर पेपाल चालतं. एप्रिल २०२१पासून त्यांनी भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, पण बाहेरून पैसे घेता येतात. को-फाय किंवा गमरोड या वेबसाइटवर पान उघडून पीडीएफ, वॉलपेपर, स्केचिंगचे धडे विकता येतात. कोण किती कापून घेतं ते आधी वाचा, दर बदलतात. पॅट्रिऑनसारखी महिन्याची वर्गणी मात्र दर महिन्याला नक्की काहीतरी देऊ शकणाऱ्यानेच सुरू करावी. इन्स्टाग्रामसारख्याच पिक्सेलफेडवर जाहिराती नाहीत आणि चित्रं काळाच्या क्रमाने दिसतात. मराठी मंडळी तिथे थोडी आहेत, पण चित्रकारांनी जावं असं मला मनापासून वाटतं. नवख्यांना मी आधी धडे विकायला सांगते. "पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब कसं रंगवायचं" याला चित्रापेक्षा लवकर गिऱ्हाईक मिळतं.

आता हक्काचं, कारण इथे आपली माणसं फार गाफील राहतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही आपणहून काढलेल्या चित्राचा हक्क तुमचा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. पण कुणी पैसे देऊन सांगून पोर्ट्रेट किंवा चित्र काढून घेतलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला हक्क त्या माणसाचा होतो. म्हणजे त्याच्या वाड्याच्या चित्राची प्रिंट तुम्ही विकू शकत नाही. तेव्हा ॲडव्हान्स घेण्याआधी एका कागदावर लिहा, "मूळ चित्र आपले, कॉपीराइट चित्रकाराचा", आणि दोघांनी सह्या करा. ओळखीच्या माणसाकडूनही सही घ्या, काकांनाही वाईट वाटत नाही.

हक्क लिहून देतानाही मुदत लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. दिवाळी अंकवाल्यांनी मुखपृष्ठासाठी चित्र मागितलं तर पूर्ण हक्क देऊ नका. "या वर्षीचा अंक, फक्त मुखपृष्ठ, फक्त छापील" एवढीच परवानगी लिहून द्या, आत चित्रकाराचं नाव छापायची अट घाला, आणि त्याच चित्राची त्यांना दिनदर्शिका काढायची झाली तर त्याचे पैसे वेगळे घ्या.