एक्सेल शिकताना या चुका टाळा: सोसायटीच्या हिशेबाचं उदाहरण

समजा, कोथरूडमध्ये ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. मेंटेनन्स दरमहा १,८०० रुपये, आणि या महिन्यात सगळ्यांचे पैसे जमा झाले. बेरीज यायला हवी ८६,४००, पण शीटवर दिसतंय ८१,०००. खजिनदार पावत्या पुन्हा पुन्हा मोजतात. पावत्या बरोबर, बँकेतली रक्कम बरोबर, फॉर्म्युलाही बरोबर. चूक तीन सेलमध्ये आहे. तिथे कुणीतरी ‘१८००’ ऐवजी ‘१८००/-’ लिहिलंय.

पावतीवर रकमेपुढे /- लिहायची आपली जुनी सवय आहे. एक्सेलला मात्र त्या दोन खुणांमुळे तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. ‘रु. १८००’ किंवा ‘१८०० फक्त’ लिहिलं तरी तेच. आणि बेरजेचा फॉर्म्युला मजकूर गुपचूप वगळतो. लाल खूण नाही, सूचना नाही. तीन गुणिले १,८०० म्हणजे ५,४०० रुपये सरळ गायब. नवशिक्यांच्या बहुतेक चुका याच एका मुळातून फुटतात: आपण काय टाइप केलं आणि एक्सेलने त्याचा काय अर्थ लावला, यात फरक पडतो.

पुढे जाण्याआधी एक सूचना. या लेखात फॉर्म्युले आणि अंक देवनागरीत छापले आहेत. तुम्ही टाइप करताना फॉर्म्युल्याची नावं, सेलचे पत्ते आणि रकमा इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाका.

आकडा की मजकूर, हे कसं ओळखायचं?

कुठलंही फॉरमॅटिंग न केलेल्या रकान्यात आकडे आणि तारखा सेलच्या उजव्या कडेला बसतात, मजकूर डाव्या. म्हणून शिकत असताना रकमेचा रकाना ‘सेंटर’ करू नका. दिसायला नीटनेटका वाटतो, पण ही खूणच पुसली जाते.

मोजून खात्री करायची तर दोन फॉर्म्युले शेजारी शेजारी लिहा: =काउंट(सी२:सी४९) आणि =काउंटए(सी२:सी४९). पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा रिकामे नसलेले सगळे सेल. वरच्या उदाहरणात उत्तरं ४५ आणि ४८ येतील. फरक तीनचा, म्हणजे तीन ठिकाणी मजकूर घुसलाय.

दुरुस्तीसाठी रकाना सिलेक्ट करा, कंट्रोल+एच दाबा, ‘फाइंड व्हॉट’मध्ये /- टाका, ‘रिप्लेस विथ’ रिकामं ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’ करा. रकान्याचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ असेल तर आधी ते ‘जनरल’ करून घ्या, नाहीतर खुणा जातील पण आकडा मजकूरच राहील. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल, तर शेजारच्या पिवळ्या खुणेवर क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ निवडा. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर ते टाइप न करता फॉरमॅट सेल्समध्ये ‘करन्सी’ निवडून आणा. मग ते फक्त दिसतं, आकड्याला चिकटत नाही.

फ्लॅट ३/११ चा ३ नोव्हेंबर होतो

तीन नंबरची इमारत, अकरावा फ्लॅट. तुम्ही ३/११ टाइप करून एंटर मारलंत की सेलमध्ये ‘०३-नोव्ह’ उमटतं. घाबरून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केलंत तर ४५,९६४ सारखा आकडा दिसतो. तो बिघाड नाही. एक्सेल तारखा अनुक्रमांकाने साठवतं: १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून मोजत ३ नोव्हेंबर २०२५ चा क्रमांक ४५,९६४ येतो. पण तुमचं मूळ ३/११ आता आत कुठेच शिल्लक नाही, ते पुन्हा टाइप करावं लागतं. सर्व्हे नंबर १२/३ लिहिला तरी हेच होईल.

उपाय नोंदी सुरू करण्याआधीचा आहे. रकाना सिलेक्ट करा, कंट्रोल+१ दाबून ‘टेक्स्ट’ निवडा, मग लिहा. एखादाच सेल असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरण चिन्ह टाका, ते छपाईत येत नाही. या सवयीचा त्रास शास्त्रज्ञांनाही झालाय. मार्च१ आणि सेप्ट१ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा व्हायच्या, म्हणून जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी काही नावंच बदलली. २०२० च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत तसा उल्लेख आहे.

ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते, ते सगळे ‘टेक्स्ट’मध्येच ठेवावेत. चेक नंबर ००४५१२ चा ४५१२ होतो. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक ५.०९ई+११ असा काहीतरी दिसतो. फॉरमॅट ‘नंबर’ करून दशांश शून्य केले की तो परत मिळतो. १६ अंकी क्रमांक मात्र मिळत नाही. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसतं आणि खरा अंक कायमचा जातो.

तारखांचा घोळ

संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/०४/२०२५ म्हणजे ५ एप्रिल नव्हे, ४ मे. आणि २५/०४/२०२५ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख मजकूर बनून डावीकडे सरकते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर डावीकडच्यांपेक्षा उजवीकडच्यांचा संशय जास्त घ्या, कारण त्या चुकीच्या असूनही बरोबर दिसतात. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये ‘डीएमवाय’ (दिवस-महिना-वर्ष) निवडून डावीकडच्या सुधारतात. उलट्या झालेल्या तशाच राहतात.

म्हणून आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजनल फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. गूगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकेल, इंडिया. तारखेचं फॉरमॅटही असं ठेवा की महिना अक्षरांत दिसेल. ०५-एप्रिल-२०२५ मध्ये गैरसमजाला जागाच उरत नाही.

कोथरुड, कोथरूड आणि चऱ्होली

वर्गणीच्या यादीत भागाचं नाव चार जण चार तऱ्हेने लिहितात. फिल्टर लावला की ‘कोथरुड’ वेगळं, ‘कोथरूड’ वेगळं, आणि पुढे एक स्पेस पडलेलं तिसरंच. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी.

मराठीत याहून अवघड प्रकार आहे. ‘चऱ्होली’ दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण अक्षरं-चिन्हं मोजणारा =लेन(बी२) लावून बघा: एकाचं उत्तर ७, दुसऱ्याचं ८. ‘ॲड.’मधलं ॲ सुद्धा एकतर एकसंध अक्षर असतं, नाहीतर अ वर चंद्र दिलेला. व्हीलूकअप, म्हणजे नाव दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला, डोळ्यांनी बघत नाही, त्याला ही दोन वेगळी नावं. ‘नाव तर समोर दिसतंय, मग #एन/ए (सापडलं नाही) का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

यावर नावं टाइपच करू न देणं हा खरा इलाज. एका वेगळ्या शीटवर भागांची नावं एकदाच लिहा. मग मुख्य यादीतला रकाना सिलेक्ट करून डेटा, डेटा व्हॅलिडेशन, लिस्ट, आणि सोर्समध्ये ती यादी द्या. आता प्रत्येक सेलमध्ये खाली उघडणारी यादी येते. आधीच्या नोंदींसाठी एक बरोबर रूप कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट करा. आणि व्हीलूकअपच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका. ते नसेल तर एक्सेल जवळपासचं उत्तर देतं, म्हणजे जोशींच्या नावापुढे भलत्याच कुणाची थकबाकी येऊ शकते.

फॉर्म्युला खाली ओढला आणि शून्यं आली

व्याजाचा दर एच१ मध्ये आहे. ई२ मध्ये =डी२*एच१ लिहिलं, उत्तर बरोबर आलं. खाली ओढल्यावर पुढच्या ओळीत तो =डी३*एच२ झाला. एच२ रिकामा, म्हणून उत्तर शून्य. फॉर्म्युल्यातल्या एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, तो $एच$१ होतो आणि जागेवरून हलत नाही. काही लॅपटॉपवर एफएन आणि एफ४ एकत्र दाबावं लागतं.

उलट चूक बेरजेत होते. शेवटच्या ओळीखाली नवी नोंद वाढवली, पण बेरजेची व्याप्ती जुनीच राहिली. अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या निबंधात असंच घडलं होतं. सरासरी ओळ ३० ते ४९ ची हवी होती, फॉर्म्युल्यात ४४ पर्यंतच होती, पाच देश सुटले; २०१३ मध्ये ते उघड झालं. यादीत कुठेही क्लिक करून कंट्रोल+टी दाबलं की तिचं टेबल होतं, आणि टेबलच्या रकान्यावर लिहिलेली बेरीज नव्या ओळी आपोआप सामावून घेते.

सॉर्ट करण्याआधी

फक्त नावांचा रकाना सिलेक्ट करून सॉर्ट केलं, तर नावं हलतात आणि रकमा जागच्या जागी राहतात. एक्सेल विचारतं, तेव्हा ‘एक्सपांड द सिलेक्शन’ निवडा. त्याहून बरं म्हणजे काहीच सिलेक्ट न करता यादीत एका सेलवर क्लिक करून सॉर्ट करावं. मध्ये रिकामी ओळ असेल तर तिच्या खालचा भाग सुटतो. मर्ज केलेले सेल असतील तर सॉर्ट अडतं, म्हणून मर्ज फक्त वरच्या सोसायटीच्या नावापुरतं ठेवा. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक नक्की ठेवा. काहीही उलटसुलट झालं, तरी त्यावर सॉर्ट करून मूळ क्रम परत मिळतो, अट एवढीच की संपूर्ण ओळी हललेल्या असाव्यात.

फिल्टर लावून बी विंग वेगळी काढली, तरी साधी बेरीज सगळ्या विंगची दाखवते. दिसणाऱ्या ओळींपुरती बेरीज हवी तर =सबटोटल(१०९,सी२:सी४९) लिहा.

फाइल सेव्ह करताना

बँकेचं स्टेटमेंट बहुधा सीएसव्ही प्रकारात, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतं. त्यातच फॉर्म्युले लिहून, दोन शीट वाढवून कंट्रोल+एस केलंत, तर उरतात ती फक्त त्या एका शीटवरची उत्तरं. फॉर्म्युले, रंग, बाकीच्या शीट सगळं जातं. उघडल्याबरोबर ‘सेव्ह ॲज’ करून ‘एक्सेल वर्कबुक’ निवडा. मराठी मजकूर सीएसव्हीत पाठवायचाच असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर समोरच्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. ‘९७-२००३’ हा जुना प्रकार टाळा. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, आताच्या प्रकारात १०,४८,५७६. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये या जुन्या मर्यादेमुळे सुमारे १६ हजार कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत.

आणि सेलमध्ये नुसते ##### दिसले तर काही बिघडलेलं नसतं. रकाना अरुंद पडलाय. त्या रकान्याच्या माथ्यावरच्या अक्षराच्या उजव्या कडेवर डबल-क्लिक करा.