नव्या तुडतुड्याचं वर्णन: पोटाच्या टोकापासून सुरुवात करा

पावसाळा संपताना पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या गवतात जाळी फिरवली तर तुडतुडे भरपूर मिळतात. मागच्या तंगडीवर काट्यांच्या लांब ओळी दिसल्या की कुळ पक्कं. जात मात्र रंगावरून किंवा ठिपक्यांवरून ठरवू नका. ती बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियावरून ठरते, म्हणून एकट्या मादीवर नवी जात उभी करणं टाळावं. एकाच जागेवरून, शक्यतो एकाच वनस्पतीवरून, पाच-दहा नर आणि सोबत माद्या गोळा करा. वनस्पतीचं नाव तिथल्या तिथे लिहा. ताम्हिणीसारख्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी घ्या.

अल्कोहोलमध्ये हिरवा रंग उडतो, म्हणून थोडे नमुने कोरडेच ठेवा: त्रिकोणी कार्डाच्या टोकाला छातीची उजवी बाजू चिकटवायची. डीएनएसाठीचे दोन-तीन नमुने ९६ टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

आता खरं काम. बारीक सुईने पोट छातीपासून सोडवा आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (१०० मिलीच्या द्रावणात १० ग्रॅम) रात्रभर ठेवा. घाई असेल तर नळी गरम पाण्यात धरून पाच-दहा मिनिटं, पण दर मिनिटाला बघत राहा. कमी पडलं तर स्नायू आड येतात. जास्त झालं तर सगळं इतकं पारदर्शक होतं की कडाच दिसत नाहीत. मग अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब टाकलेल्या पाण्यात धुवा आणि ग्लिसरीनमध्ये न्या. एडिगसचं (नराच्या शिश्नासारख्या भागाचं) चित्र बाजूने आणि मागून, दोन्हीकडून काढा. वर काच दाबू नका: चपटा झालेला एडिगस वेगळ्याच जातीचा वाटतो. स्टाइल (एडिगसच्या बाजूच्या दोन काड्या), कनेक्टिव्ह (त्यांना एडिगसशी जोडणारा तुकडा) आणि पायगोफर (हे सगळं झाकणारा पोटाचा शेवटचा खंड) यांचीही चित्रं हवीत. काम झालं की पोट ग्लिसरीनच्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावा. कुपी हरवली की नमुन्याची किंमत गेली.

सगळ्यात मोठा धोका परजीवींचा. ड्रायनिड गांधीलमाशी किंवा पिपन्क्युलिड माशीच्या अळीने पोखरलेल्या नराचं जननेंद्रिय खुरटतं, आणि ते ‘नवं’ दिसतं. पोटात अळी आहे का ते पाहा आणि निदान तीन-चार नर उघडा. ऋतूचाही परिणाम असतो: युरोपातल्या युस्केलिस नावाच्या तुडतुड्यांमध्ये दिवसाच्या लांबीनुसार एडिगसचा आकार बदलतो, आणि अशा रूपांना पूर्वी वेगळ्या जाती मानलं गेलं होतं.

मग तुलना. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिस्टंटने १९०८ मध्ये भारतातल्या बऱ्याच जातींचं वर्णन केलं, पण ते मुख्यतः बाह्य रूपावरून. त्यामुळे केवळ त्याचं वर्णन जुळत नाही म्हणून जात नवी ठरत नाही. मूळ टाइप नमुन्याच्या (ज्यावरून जातीला नाव दिलं गेलं त्याच्या) जननेंद्रियाचं चित्र मिळवा. पुष्कळसे टाइप लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

लेखात होलोटाइप (नव्या जातीचं नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना) म्हणून एकच नमुना नेमा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते लिहा. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे, तिथे आधी बोलून घ्या. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी करा आणि तिचा पुरावा लेखातच छापा, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.