बडोद्याजवळ गोबी मासा कसा ओळखावा

नदीतले मासे बघायचे म्हणून विश्वामित्रीवर जाऊ नका. आपल्या या नदीत मगरी आहेत, काठावर वाकून बसणंही धोक्याचं. मही नदीतही एकट्याने उतरू नये. आणि गोबी बघायला पाण्यात उतरावं लागतच नाही.

१. सकाळी लवकर महीकाठच्या एखाद्या गावी जा, जाळी रिकामी होत असताना. मोठे मासे वेगळे काढल्यावर जी बारीक मासळी उरते, गोबी तिथेच सापडतो. "भाई, जरा जोवा दो ने" (जरा बघू द्या ना), एवढं गुजरातीत म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

२. पिवळट-तपकिरी अंग, बाजूंना गडद डागांची रांग, चपटं डोकं, वर सरकलेले डोळे आणि पुढे आलेला खालचा जबडा. हा आपला गोबी, शास्त्रीय नाव ग्लोसोगोबियस गियुरिस. स्कॉटिश निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. डोक्यामुळे मरळ वाटेल, पण मरळीच्या पाठीवर एकच लांबलचक पर असतो, गोबीच्या पाठीवर दोन, सुटे सुटे.

३. आता खरी खूण. जिवंत मासा मिळाला तर हात ओले करून पारदर्शक डब्यात नदीच्याच पाण्यात सोडा आणि डबा उचलून खालून बघा. पोटाखालचे दोन पर जुळून एक छोटी वाटी झालेली दिसेल. मासा तळाशी टेकला की ती काचेला लागून पसरते. बराच वेळ तो हलत नाही, फक्त कल्ले उघडतात-मिटतात. मग एकदम झेप, आणि पुन्हा तसाच स्थिर. मधल्या पाण्यात तरंगत राहणं त्याच्या स्वभावातच नाही. मला तरी हे बघण्यासाठीच पहाटे उठावंसं वाटतं.

४. जागा ओळखायची तर तळ बघा: वाळू, चिखल, दगड. तिथे दबा धरून तो किडे, कोळंबी, छोटे मासे टिपतो. गोडं पाणी चालतं तसं मचूळही चालतं. म्हणून खंभातच्या आखाताकडे, जिथे भरतीचं पाणी महीत शिरतं, तिथेही तो राहतो.

५. काठचे दगड उलटू नका. गोबीच्या कुळात अंडी बहुधा दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असतात आणि नर त्यांची राखण करतो. चुकून एखादा दगड उलटलाच तर होता तसा ठेवा. डब्यातला मासा पाच मिनिटांत त्याच काठाला, पाण्याला डबा टेकवून, सोडून द्या.