सोसायटीत कचऱ्याची शिकवणी कशी घ्यावी

प्रोजेक्टर आणू नका. ओला-सुका म्हणजे काय, हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. घरोघरी डबे दोन असतात, आतला माल मात्र एकच. म्हणून भाषण नको, कचराच दाखवा.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरा आणि सुक्या कचऱ्याचा डबा तिच्यावर पालथा करा. डबा स्वतःच्या घरचा. दुसऱ्याचा केलात तर पुढची मीटिंग भांडणाची. रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वेळ विचारून बोलवा आणि त्या वेळेचे पैसे द्या. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. एकेक वस्तू उचलून त्या सांगतात, हे भंगारात जातं, हे जात नाही. आपण मध्ये बोलायचं नाही.

दुधाच्या पिशवीला वेळ द्या. धुऊन वाळवलेली पिशवी विकली जाते, आंबलेली कोण घेणार? आणि कोपरा कापून वेगळा करू नका. तो नखाएवढा तुकडा वेचता येत नाही, गटारात जातो. चीर द्यायची, कोपरा पिशवीलाच लटकू द्यायचा. प्रत्येकाच्या हातात कात्री देऊन करून घ्या.

पॅडचा विषय निघाला की पुरुषमंडळी मोबाइल काढतात. तरी बोलाच. सरकारच्या घनकचरा नियमांतही पॅड, डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलंय. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर ठळक लाल ठिपका काढा, म्हणजे ताईंना उघडून बघावं लागत नाही. फुटकी काच जाड कागदात, वर 'काच' लिहून.

दुसरी शिकवणी कामवाल्या मावशींची. बऱ्याच घरांत डबा त्याच भरतात, आणि मीटिंगला बसतात मालक! दोन कामांच्या मधली वेळ गाठा, जिन्यातच दहा मिनिटं, चहासकट.

खत करणार असाल तर पानगळ जाळू देऊ नका, पोत्यात भरून ठेवा. ओल्याच्या साधारण दुप्पट सुकी पानं लागतात. वास आला तर ओल जास्त झाली, हवा कमी पडली. ढवळा, पानं घाला. अळ्या दिसल्या की तुम्हाला फोन येतील. त्या चावत नाहीत, कचराच खातात. करवंट्या वेगळ्या ठेवा.

आठवड्याने ताईंना विचारा, कुठल्या मजल्यावरून अजून मिसळलेलं येतं. नाव ग्रुपवर टाकू नका. संध्याकाळी जाऊन बेल वाजवा, फक्त पाणी यायची वेळ टाळा.