अमेरिकेत कॉलेजच्या रोइंग टीममध्ये जायचं तर: नववीपासूनची तयारी

रोइंगचा कोच सगळ्यात आधी एकच आकडा विचारतो: एर्गवर 2,000 मीटरला किती वेळ लागला? एर्ग म्हणजे जिममधलं वल्हवण्याचं यंत्र. जवळपास सगळीकडे ते कॉन्सेप्ट टू कंपनीचंच असतं, म्हणून न्यू जर्सीतल्या आणि पुण्यातल्या मुलाची वेळ शेजारी ठेवून तोलता येते. वरच्या फळीतल्या टीमसाठी मुलांची वेळ साधारण 6:20 च्या आत हवी, मुलींची 7:20 च्या आसपास किंवा कमी. दहावीतच एवढी वेळ आली नाही म्हणून घाबरू नका. दर टेस्टला वेळ किती खाली येते, हेही कोच बारकाईने बघतात.

टेस्ट बिघडते ती बहुधा पहिल्या 500 मीटरमध्ये. अंगात जोर असतो, मूल सुसाट सुटतं आणि 1,200 च्या पुढे पाय पेटतात. 7:20 चं लक्ष्य म्हणजे दर 500 मीटरला सरासरी 1:50. सुरुवातीचे दहा स्ट्रोक जोरात मारून लगेच 1:50 वर स्थिरावायचं, मधले 1,000 मीटर 1:50 ते 1:51 वर धरायचे आणि शेवटच्या 500 ला 1:48 काढायचे. यंत्राच्या बाजूचा खटका 10 वर नेला की वेळ सुधारते, हा गैरसमज आहे. त्याने पाठ मात्र लवकर थकते. मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे ओढताना जाणवणाऱ्या विरोधाचा आकडा बघा आणि 110 ते 130 च्या दरम्यान ठेवा. धूळ साचलेल्या यंत्रावर तोच खटका वेगळा ड्रॅग देतो, म्हणून खटक्याचा आकडा नव्हे, ड्रॅग फॅक्टर लिहून ठेवा. टेस्ट संपल्यावर स्प्लिटसकट, म्हणजे दर 500 मीटरच्या वेळेसकट, स्क्रीनचा फोटो काढा. वेळ खोटी, कमी करून सांगू नका. कॅम्पसवर पाऊल ठेवताच पुन्हा एर्गवर बसवतात.

उंची आणि वजन आपल्याकडच्या अनेक मुलांना आडवं येतं. त्यांनी लाइटवेट, म्हणजे वजनाची मर्यादा असलेल्या टीमकडे जरूर बघावं. मुलांसाठी मर्यादा 160 पौंड, म्हणजे साडेबाहत्तर किलो; मुलींसाठी 130 पौंड, म्हणजे 59 किलो. अशा टीम मोजक्याच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल यांच्या मुलांच्या लाइटवेट टीम आहेत, मुलींच्या त्याहून कमी. पण वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून या मर्यादेत बसवू नका. ताकद जाते, वेळ वाढते आणि शरीराचं नुकसान होतं ते वेगळंच. अंगाने लहान आणि आवाजाने खणखणीत मुलाने कॉक्स, म्हणजे बोटीला दिशा देणारा आणि वल्हवणाऱ्यांना हाका देणारा, व्हावं. मुलांच्या बोटीत कॉक्सचं किमान वजन 125 पौंड, मुलींच्या 110. कमी भरलं तर फरकाइतकं वजन बोटीत ठेवावं लागतं. कॉक्सला एर्गची वेळ मागत नाहीत, शर्यतीचं ध्वनिमुद्रण मागतात.

मुलींचं रोइंग 1997 पासून एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेत आहे. मुलांचं एनसीएएबाहेर, आयआरए या वेगळ्या संघटनेकडे. म्हणून मुलींच्या टीम मोठ्या आणि शिष्यवृत्त्याही जास्त. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री, म्हणजे एनसीएएचा तिसरा गट, यांमध्ये खेळाची शिष्यवृत्ती कोणालाच नसते, तिथे घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात जाणाऱ्या मुलीला एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी लागते: 16 मुख्य विषय, त्यांतले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (4 पैकी गुणांची सरासरी). हा फक्त उंबरठा झाला. चांगल्या कॉलेजांना याच्या कितीतरी वर गुण लागतात आणि गुण कमी पडले तर उत्तम वेळ असूनही कोचचा नाइलाज होतो.

दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत मुलींच्या डिव्हिजन वन टीमच्या कोचना खेळाडूंशी निवडीबद्दल बोलायची परवानगी नसते. त्याआधी ईमेल करता येते, कॉलेजच्या संकेतस्थळावरचा फॉर्मही भरता येतो; फक्त उत्तर येत नाही, म्हणून खट्टू होऊ नका. ईमेल मुलानेच लिहावी. आईबाबांनी लिहिलेली ईमेल कोचला लगेच कळते. विषयाच्या ओळीत नाव, शाळा संपण्याचं वर्ष, उंची आणि 2,000 मीटरची वेळ. आत वजन, 6,000 मीटरची वेळ, गुण, क्लबच्या कोचचा संपर्क, बाजूने घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि हेच कॉलेज का, याची दोन खरी वाक्यं. त्याच कोचला दर सहा-आठ आठवड्यांनी नवी वेळ कळवत राहा.

अकरावीत एसएटी उरकून घ्या. त्यानंतरच्या जुलैपासून आयव्हीचे कोच गुणपत्रक प्रवेश विभागाला दाखवून अंदाज घेतात, त्याला प्री-रीड म्हणतात. इथे मोकळेपणाने विचारा: ‘प्रवेश विभागाकडे तुम्ही माझं नाव पाठवणार का?’ ‘आम्हाला तू आवडलास’ हे त्याचं उत्तर नव्हे. खरा होकार मिळाला तरच तिथे अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधीचा अर्ज करा, त्याची मुदत बहुधा 1 नोव्हेंबर. पैसे भरून जायच्या उन्हाळी कॅम्पचं पत्र म्हणजे निवड नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

निवड झाली नाही तरी वाट बंद होत नाही. अनेक कॉलेजं, विशेषतः मुलींच्या टीम, कधीच वल्हं न धरलेल्या उंच आणि चिवट मुलींना पहिल्या वर्षी घेतात. नाशिक जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर वल्हं हाती घेतलं आणि 2016 ची रिओ ऑलिम्पिक गाठली. प्रवेश पक्का होताच कोचला लिहा, चाचणीची तारीख विचारून घ्या आणि उन्हाळाभर आठवड्यातून चार दिवस एर्गवर 40 ते 60 मिनिटं, सहज बोलता येईल इतक्या संथ वेगाने बसा.