विधानसभेच्या उमेदवारांची भूमिकांवरून तुलना करताना या चुका टाळा

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आम्ही काही जणांनी एक तक्ता केला होता. डावीकडे दहा विषय, वरच्या ओळीत पाच प्रमुख उमेदवारांची नावे आणि मधल्या पन्नास चौकोनांत ‘होय’ किंवा ‘नाही’. सभा ऐकून, पत्रके वाचून आणि कार्यकर्त्यांना गाठून तक्ता पुरा केला, तेव्हा पन्नासपैकी सेहेचाळीस चौकोनांत ‘होय’ आले. आमच्या ग्रंथपालांनी तो एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “अहो, ही तुलना कुठे, ही तर हजेरी झाली.” तक्ता आम्ही फाडला आणि नव्याने करायला घेतला. पहिल्या खेपेला कुठे कुठे चुकलो ते पुढे मांडले आहे, कारण थोड्याफार फरकाने याच चुका दर निवडणुकीत अनेक ठिकाणी होताना दिसतात.

सगळ्यांत मोठी चूक आमच्या प्रश्नांतच होती. “शेतकऱ्यांना कर्जमाफी मिळावी का?” या प्रश्नाला ग्रामीण मतदारसंघातला कोणता उमेदवार ‘नाही’ म्हणेल? २०२४ मध्ये महायुतीनेही कर्जमाफीचे आश्वासन दिले होते आणि महाविकास आघाडीनेही. फरक ‘कर्जमाफी’ या शब्दात नव्हता, तो अटींमध्ये होता. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत माफीची मर्यादा दीड लाख रुपये होती. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ती दोन लाखांवर गेली. परंतु १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेले आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले पीककर्जच तिच्यात बसत होते. दोन्ही योजनांचे नाव घोषणेत ‘कर्जमाफी’च होते, आणि तरीही एकाच बांधावरच्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाचा सातबारा कोरा झाला व दुसऱ्याच्या हाती काही लागले नाही, असे घडले. म्हणून दुसऱ्या तक्त्यात आम्ही तो एक प्रश्न मोडून चार केले: मर्यादा किती, थकबाकीची तारीख कोणती, विहीर किंवा ट्रॅक्टरसाठी घेतलेले मुदतकर्ज धरणार का, आणि नियमित फेड करणाऱ्याला काय मिळणार? पाचही उमेदवारांची उत्तरे तेव्हा प्रथमच एकमेकांपासून वेगळी झाली. दोघांनी शेवटच्या प्रश्नावर ठोस रक्कम सांगितली, एकाने “पक्ष ठरवील” असे सांगितले, आणि उरलेल्या दोघांच्या कार्यकर्त्यांनी विषय बदलला. ज्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देण्याची कोणाची छाती होणार नाही, तो प्रश्न तक्त्यात घेऊ नये, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

दुसरी चूक कार्यकक्षेची. आमच्या दहा विषयांपैकी काही विषय आमदाराच्या हातातले नव्हतेच. गल्लीतली गटारे, नळाची वेळ आणि कचरागाडी ही ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची कामे. रेल्वेचा थांबा आणि कांद्यावरील निर्यातशुल्क हे केंद्राचे विषय. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, बाजार समित्या, जमीन महसूल आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे हे राज्याच्या सूचीत येतात; शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे तिथे केंद्र आणि राज्य दोघांचीही भूमिका विचारता येते. मतदारांनी आमदाराला गटाराबद्दल विचारावे यात त्यांचा फारसा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२२ पासून मुंबई, पुणे, नाशिक यांसह अनेक महापालिकांवर प्रशासक होते आणि विचारायला नगरसेवकच उरले नव्हते, तेव्हा लोकांनी जो समोर दिसला त्याला धरले.

तथापि केंद्राचा विषय दिसला म्हणून तो सरसकट गाळणे हीसुद्धा चूकच. सोयाबीनचे उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि तो केंद्राने ठरवलेला होता, तरी प्रचारात सहा हजार आणि सात हजार असे आकडे ऐकू येत होते. अशा वेळी “तुम्ही भाव वाढवणार का?” असे विचारून उपयोग नाही. खरेदी केंद्रे वेळेवर सुरू करणे, बारदान्याची सोय पाहणे, आणि धान उत्पादकांना राज्य ज्या प्रकारे बोनस देते तसे काही सोयाबीनला देणे, एवढेच राज्याच्या हाती आहे. म्हणून प्रश्न तेवढाच विचारावा. फरकाची रक्कम राज्याच्या तिजोरीतून देणार काय, हेक्टरी की क्विंटलला, आणि किती हेक्टरांपर्यंत? या प्रश्नावर उमेदवाराला स्वतःची भूमिका असू शकते, हमीभावावर असू शकत नाही.

येथेच पैशाचा चौकोन येतो, जो पहिल्या तक्त्यात आम्ही ठेवलाच नव्हता. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात दरमहा १,५०० रुपयांनी जाहीर झाली, तेव्हा तिच्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा खर्च सांगितला गेला. निवडणुकीत महायुतीने २,१०० रुपयांचे आणि महाविकास आघाडीने महालक्ष्मी योजनेखाली ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. लाभार्थींची संख्या तीच धरली, तर पहिल्या आश्वासनाचा खर्च सुमारे ६४,४०० कोटींवर आणि दुसऱ्याचा ९२,००० कोटींवर जातो, हा हिशेब कोणालाही वहीच्या मागच्या पानावर करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या एका निकालानंतर निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी स्वतंत्र भाग घातला असून आश्वासनामागील कारण आणि पैसा उभा करण्याचा मार्ग ढोबळपणे तरी सांगावा, अशी अपेक्षा त्यात आहे. त्यामुळे पैसा कुठून आणणार हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. तो विचारण्याचा मतदाराला पूर्ण आधार आहे.

पक्षाचा जाहीरनामा हीच उमेदवाराची भूमिका समजणे ही चूक बहुतेक लोक करतात आणि तिचे कारण उघड आहे: जाहीरनामा छापील मिळतो, उमेदवाराचे म्हणणे शोधावे लागते. परंतु नागपूर ते गोवा या, त्या वेळच्या आखणीप्रमाणे आठशे किलोमीटरहून लांब आणि बारा जिल्ह्यांतून जाणाऱ्या, प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीत काय झाले ते आठवावे. सरकारचा प्रकल्पाला पाठिंबा होता, कोल्हापूरकडील बागायतदारांचा विरोध होता, आणि त्या भागात सत्ताधारी बाजूच्या नेत्यांनाही विरोधाचा सूर लावावा लागला; निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाच्या भूसंपादनाला मंजुरी दिली. ज्यांनी तक्त्यात ‘पक्षाची भूमिका’ आणि ‘उमेदवाराची भूमिका’ असे दोन रकाने ठेवले असतील, त्यांना ही तफावत मतदानाआधीच दिसली असेल. दोन्ही रकान्यांत विसंगती आढळली की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: सभागृहात हा विषय आला आणि पक्षादेश निघाला, तर तुम्ही काय कराल?

हा प्रश्न तात्त्विक नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा किंवा परवानगी न घेता मतदानाला गैरहजर राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा न केल्यास, अपात्र ठरू शकतो. म्हणजे उमेदवाराच्या वैयक्तिक मताला सभागृहात जागा किती हे आधीच आखलेले असते. शिवाय आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात, मतविभागणी क्वचितच होते. त्यामुळे अमक्या आमदाराने अमक्या विधेयकावर काय मत दिले याची नोंद शोधायला जावे तर ती बहुधा अस्तित्वातच नसते. २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक एकमताने संमत झाले. त्या मतावरून २८८ सदस्यांत काही फरक करता येईल का? अजिबात नाही. ओबीसी आरक्षणाला धक्का न लावण्याबद्दल किंवा पन्नास टक्क्यांच्या मर्यादेबद्दल कोण काय बोलला, हे पाहावे लागते ते चर्चेत, सभागृहाबाहेरच्या भाषणांत आणि दोन वेगवेगळ्या समाजांच्या मेळाव्यांत एकाच माणसाने काय सांगितले त्यात.

मावळत्या आमदाराची कामगिरी तपासताना लोक विचारलेल्या प्रश्नांची संख्या मोजतात. संख्या मोजायला सोपी म्हणून ती मोजली जाते, एवढेच. एका तारांकित प्रश्नावर, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात अशा प्रश्नावर, अनेक सदस्यांची नावे असू शकतात, आणि मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारतच नाही, उत्तरे देतो. त्याच्या नावासमोरचे शून्य पाहून त्याला आळशी ठरवणे हास्यास्पद होईल. मोजण्याऐवजी वाचावे. प्रश्न आणि लक्षवेधी सूचना कोणत्या विषयावर होत्या, त्या आपल्या मतदारसंघाशी किंवा उमेदवाराच्या जाहीर भूमिकेशी जुळतात का, आणि उत्तर मिळाल्यावर त्याने तो विषय पुढच्या अधिवेशनात लावून धरला का? आमच्या मावळत्या आमदारांचे प्रश्न दोन संध्याकाळी बसून वाचले, तेव्हा लक्षात आले की ज्या सिंचन योजनेवर ते प्रत्येक कोपरा सभेत बोलत होते, तिच्याविषयी पाच वर्षांत त्यांनी दोनदाच विचारले होते, तेही एकाच अधिवेशनात.

कार्य अहवालाबाबत थोडक्यात सांगतो. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये असतो. फलकावरचे शेकडो कोटी हे इतर योजनांतले, आणि कित्येकदा कागदावरचे. ‘मंजूर’ या शब्दाखाली प्रशासकीय मान्यता आहे, निविदा निघाली आहे की कार्यारंभ आदेश हातात आहे, हे विचारले की आकडा बराच आटोक्यात येतो.

शपथपत्र मात्र नीट वाचावे, आणि त्यात नसलेले त्यात शोधू नये. नमुना २६ मध्ये मालमत्ता, देणी, गुन्हेगारी प्रकरणे, शिक्षण आणि उत्पन्नाचे साधन मिळते. धोरणविषयक भूमिका मिळत नाही. तरीही भूमिका पडताळायला ते उपयोगी पडते. ऊस उत्पादकांना चौदा दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) मिळालीच पाहिजे असे म्हणणाऱ्या उमेदवाराचे साखर कारखान्यात हितसंबंध असतील, तर त्या कारखान्याने मागच्या हंगामात पैसे केव्हा दिले हा प्रश्न त्याच्या भाषणापेक्षा जास्त सांगून जातो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ही शपथपत्रे अर्ज दाखल झाल्यावर पाहता येतात. कार्यकर्त्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये.

तक्ता भरताना अडथळे येतातच. पक्ष बदललेल्या उमेदवाराचा रकाना कसा भरायचा, हा २०२२ आणि २०२३ च्या फुटींनंतर जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात पडलेला प्रश्न. आम्ही अशा उमेदवाराचे प्रत्येक विधान तारखेसह लिहिले आणि त्या दिवशी तो सत्तेत होता की विरोधात, हेही कंसात नोंदवले. भूमिका बदलणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे. बदलाचे कारण विचारावे आणि मिळाले तर तेही चौकोनात लिहावे. अपक्षाला पक्षादेश नसतो म्हणून तो मोकळा, असे समजून त्याला जास्त गुण देण्याचा मोह होतो. परंतु निवडून आल्यावर तो पक्षात गेला तर अपात्र ठरतो आणि बाहेरून पाठिंबा मात्र कोणालाही देऊ शकतो, म्हणून त्याला एकच प्रश्न विचारावा, सरकार कोणाचे चालेल? बंडखोराला तर हा प्रश्न दोनदा विचारावा. प्रथमच उभा राहणाऱ्याची सभागृहातली नोंद नसते, तेव्हा सोसायटीत, पंचायत समितीत किंवा शिक्षण संस्थेत त्याने काय केले ते पाहावे.

रिकाम्या चौकोनाचे काय करायचे, यावर आमच्यात बराच वाद झाला. पक्षाच्या जाहीरनाम्यावरून तो भरावा असे काहींचे म्हणणे होते. शेवटी ‘विचारले, उत्तर नाही’ असे लिहून खाली विचारल्याची तारीख टाकायची, असे ठरले. तसे चौदा चौकोन राहिले. हाताने लिहिलेला तो एकच कागद वाचनालयाच्या सूचनाफलकावर लागला. त्याच्या शंभर झेरॉक्स काढून बाजारात वाटण्याचा उत्साह एका तरुण मित्राला आला होता, त्याला वेळीच आवरले, कारण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२७क प्रमाणे निवडणूकविषयक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता असावा लागतो, आणि हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती वाढवण्याची कोणतीही रीत तिथे छपाईच मानली जाते. प्रचार १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपणार होता. त्याच्या आदल्या दिवशी एका उमेदवाराचा कार्यकर्ता वाचनालयात आला, फलकासमोर बराच वेळ उभा राहिला, फोनवर कोणाशी तरी बोलला आणि पेन मागून घेऊन त्याने आपल्या उमेदवाराचे तीन रिकामे चौकोन भरले. त्यांतल्या एकात ‘नाही’ असे होते.