खांदा दुखतोय की मान? या चुका टाळा

‘खांदा दुखतोय’ म्हणत कुणी आलं की मी आधी सांगते, एका बोटानं जागा दाखवा. मागे विडी वळणाऱ्या एका मावशी आल्या. त्यांनी मानेच्या बुडाशी अख्खा पंजा ठेवला. कावड टेकते तोही आपल्याकडे खांदाच, आणि पहिली गफलत तिथंच होते. सांध्याचं दुखणं बहुधा दंडाच्या बाहेरच्या अंगाला, लस टोचतात तिथं जाणवतं आणि कोपराखाली सहसा उतरत नाही. मानेतली नस दबली तर कळ फऱ्याजवळ उठते, हातभर उतरते, अंगठ्याला किंवा मधल्या बोटाला मुंग्या येतात.

मावशी म्हणाल्या, “हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतंय बघा, तसंच झोपते.” निम्मं निदान तिथंच झालं. सांधा बिघडलेला असता तर हात तिथवर नेतानाच ओरडल्या असत्या. वर बघत दुखऱ्या बाजूला मान वळवली, तर कळ थेट बोटांत.

खांद्याची तऱ्हा वेगळी. ब्लाउजचे मागचे हुक लागत नाहीत, त्या कुशीवर झोपवत नाही. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर वळवून बघा. दुसऱ्यानं वळवूनही वळत नसेल तर सांधा आखडलाय, म्हणजे बहुतेक फ्रोझन शोल्डर. मधुमेह असणाऱ्यांत हा जास्त. दुसऱ्यानं उचलल्यावर हात वर जातो पण स्वतःहून जात नाही, तर संशय स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर. अशा वेळी मानेला पट्टा बांधून महिना घालवणारे मी खूप बघितलेत.

एमआरआय आधी काढायची घाईही नको. चाळिशीनंतर काही दुखत नसलेल्यांच्या मानेतही मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते, मग सगळं खापर तिच्यावर. आणि दाढी झाल्यावर न्हाव्याकडून कडकन मान मोडून घेणं? कृपा करा. दोन्ही दुखणी एकत्रही असतात, तेव्हा तपासून घ्याच.

डाव्या हातासोबत छाती भरून आली, घाम फुटला, तर व्यायाम नाही, थेट दवाखाना. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, तेव्हाही थांबू नका.

मावशींचं काम सुटणारं नव्हतं. मांडीवरच्या सुपाखाली दोन उशा घ्यायला सांगितल्या, म्हणजे मान तेवढी कमी वाकते. परवा तक्रार घेऊन आल्या: एक उशी नातवानं पळवली.